नवा गुरू, जुने मैदान

खेळाच्या इतिहासात जय-पराजयाची नोंद होते. आशेची नोंद कोणी ठेवत नाही. एखाद्या संघाने किती सामने जिंकले, किती गमावले, कोणत्या साली कोणता चषक मिळवला, हे सारे तक्त्यांत सापडते. परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वीचे जे काही आठवडे असतात, त्यांचा इतिहास कोठेच लिहिलेला नसतो. नवा प्रशिक्षक नुकताच आलेला असतो. एकही सामना खेळला गेलेला नसतो आणि म्हणून एकही हरलेला नसतो. चाहत्यांच्या मनात मात्र 'यंदा चषक आपलाच' ही खात्री दिवसेंदिवस घट्ट होत असते. मनुष्यस्वभावाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने त्या आठवड्यांकडे अवश्य पाहावे.

या त्रैमासिकाच्या वाचकांना फुटबॉलचा विषय कदाचित अनपेक्षित वाटेल. परंतु फुटबॉलच्या इतिहासाची काही महत्त्वाची पाने आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणातच लिहिली गेली आहेत. एक पान अमेरिकेतील एका कॅथलिक महाविद्यालयाचे आहे, दुसरे आपल्या शेजारच्या गोव्याचे, आणि तिसरे, ख्रिस्ती महाविद्यालयातील एका शिक्षकाने लिहिलेले, भंडाऱ्याहून दोन तासांच्या अंतरावरील नागपूरचे. ही तिन्ही पाने एकत्र वाचली असता एक प्रश्न उभा राहतो: नव्या माणसावर आपण जी आशा ठेवतो, ती केव्हा फळाला येते आणि केव्हा वाया जाते? हा प्रश्न केवळ मैदानापुरता नाही, हे लेखाच्या अखेरीस वाचकांच्या ध्यानात येईलच.

एका महाविद्यालयाची आशा

फ्रान्समधून आलेल्या होली क्रॉस संघाच्या फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, साउथ बेंड या गावाजवळ एक महाविद्यालय स्थापन केले आणि त्याला पवित्र मरियेच्या सन्मानार्थ 'नोत्र दाम', म्हणजे 'आमची माता', असे नाव दिले. या महाविद्यालयाच्या संघाने आपला पहिला फुटबॉल सामना १८८७ साली खेळला आणि तो गमावला. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्याकडच्या खेळाहून वेगळा आहे. त्यात चेंडू लांबोडा असतो, तो हातांनी फेकला जातो, आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून खेळाडू एकमेकांना भिडतात. तेथे महाविद्यालयीन संघांचे सामने पाहण्यासाठी हजारो लोक जमतात आणि त्या संघाच्या प्रशिक्षकाचे नाव घराघरांत माहीत असते.

नोत्र दामच्या बाबतीत या लोकप्रियतेला आणखी एक कारण होते. आयर्लंड, इटली, पोलंड अशा देशांतून पोटासाठी अमेरिकेत आलेले कॅथलिक लोक त्या काळी खालच्या पायरीवर होते. त्यांच्या धर्माकडे संशयाने पाहिले जाई. कॅथलिकांचा उघड द्वेष करणाऱ्या कु क्लक्स क्लॅन या संघटनेचा जोर इंडियानात इतका होता की, १९२४ च्या मे महिन्यात तिचे लोक साउथ बेंडमध्ये जमले असता नोत्र दामच्या विद्यार्थ्यांशी त्यांची रस्त्यावर झटापट झाली. अशा वातावरणात एक कॅथलिक महाविद्यालय देशातल्या नामांकित संघांना हरवू लागले, तेव्हा कारखान्यातल्या कामगाराला आणि रेल्वेच्या हमालाला तो स्वतःचा विजय वाटला. त्यांच्यापैकी बहुतेकांनी महाविद्यालयाची पायरीही चढलेली नव्हती, तरी तो संघ त्यांचा होता.

हा संघ घडवणारे प्रशिक्षक नूट रॉकनी हे नॉर्वेत जन्मलेले ल्यूथरपंथी होते. ते याच महाविद्यालयात शिकले, येथेच खेळले, येथेच रसायनशास्त्र शिकवू लागले आणि १९१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. १९२५ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. तेरा हंगामांत त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, केवळ १२ गमावले आणि ५ बरोबरीत सोडवले. ३१ मार्च १९३१ रोजी विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे वय ४३ वर्षांचे होते. त्या दिवसापासून नोत्र दामचा प्रत्येक नवा प्रशिक्षक रॉकनींच्या सावलीत उभा राहिला आणि प्रत्येक नव्या नेमणुकीबरोबर चाहत्यांनी तीच जुनी आशा नव्या माणसाच्या खांद्यावर ठेवली.

कधी ही आशा एकाच वर्षात फळली. १९६३ साली संघाने नऊपैकी सात सामने गमावले. पुढच्या वर्षी आरा पार्सेघियन हे आर्मेनियन वंशाचे, कॅथलिक नसलेले प्रशिक्षक आले आणि त्याच संघाने सलग नऊ सामने जिंकले. दहावा व शेवटचा सामना अखेरच्या दोन मिनिटांत हातचा गेला. नवा माणूस चमत्कार करतो, ही चाहत्यांची समजूत अशा वर्षांनी पक्की होते. परंतु जरा बारकाईने पाहिले तर दिसते की, पार्सेघियन यांनी नवे खेळाडू आणले नव्हते. जॉन हुआर्ट नावाचा जो विद्यार्थी त्या वर्षी देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला, तो आधीही त्याच संघात होता. त्याला फारसे खेळवले जात नव्हते, एवढेच. घरात धान्य होते, ते शिजवणारा आला.

याच्या उलट कथा १९८१ सालची. सिनसिनाटी शहरातील मोलर या कॅथलिक शाळेचे प्रशिक्षक जेरी फाउस्ट यांची नोत्र दामने निवड केली. शाळेच्या संघाला त्यांनी १७४ विजय मिळवून दिले होते आणि पराजय होते अवघे १७. श्रद्धाळू कॅथलिक, मुलांवर माया करणारे, नोत्र दामवर लहानपणापासून प्रेम असलेले. देवानेच हा माणूस पाठवला असे चाहत्यांना वाटले तर नवल नव्हते. पहिला सामना त्यांनी २७-९ असा जिंकला आणि देशाच्या क्रमवारीत संघ पहिला आला. दुसऱ्याच सामन्यात मिशिगनने त्यांना २५-७ असे हरवले, आणि हंगाम संपला तेव्हा ५ विजय व ६ पराजय अशी स्थिती होती. पुढच्या चार वर्षांतही ती फारशी सुधारली नाही. आशेने ज्याला डोक्यावर घेतले होते, त्यालाच निराशेने खाली ओढायला सुरुवात केली. परंतु तेथे एक गोष्ट घडली, ती मला महत्त्वाची वाटते. महाविद्यालयाने फाउस्ट यांना पाच वर्षांचा शब्द दिला होता आणि तो मोडला नाही. १९८५ मध्ये फाउस्ट स्वतःच पायउतार झाले. त्यांच्या सज्जनतेविषयी तेव्हाही कोणाच्या मनात शंका नव्हती.

त्यानंतर आलेले लू होल्ट्झ यांचे पहिले वर्ष कसे गेले? ५ विजय, ६ पराजय. म्हणजे आकड्यांपुरते पाहिले तर फाउस्ट यांच्या पहिल्या वर्षासारखेच! त्याच क्षणी चाहत्यांच्या हाती निर्णय असता, तर होल्ट्झही गेले असते. परंतु ते राहिले आणि १९८८ साली, तिसऱ्या वर्षी, त्यांच्या संघाने बाराही सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

अलीकडचा अध्यायही असाच बोलका आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये मार्कस फ्रीमन हे ३५ वर्षांचे तरुण प्रशिक्षक नेमले गेले. पहिल्याच सामन्यात त्यांचा संघ २८-७ असा पुढे असताना हरला. २०२२ मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. २०२४ च्या हंगामात नॉर्दर्न इलिनॉय या तुलनेने लहान विद्यापीठाने त्यांच्या संघाला घरच्या मैदानावर १६-१४ असे हरवले आणि सगळीकडे हाहाकार झाला. त्यानंतर त्याच संघाने ओळीने १३ सामने जिंकले आणि २० जानेवारी २०२५ रोजी तो राष्ट्रीय अंतिम सामना खेळला. ओहायो स्टेटने तो ३४-२३ असा जिंकला, हे खरे. पण सप्टेंबरातल्या त्या संध्याकाळी ज्यांनी आशा टाकली होती, त्यांना जानेवारीत ती पुन्हा उचलावी लागली.

आशा आणि भाबडी खात्री

येथे क्षणभर मैदान सोडून गुरुविद्यालयाच्या वर्गात जाऊ. संत थॉमस अक्वायनस यांनी आशेचे जे विवेचन केले आहे, त्यात आशेच्या विषयाची चार लक्षणे दिली आहेत. ज्याची आशा धरायची ते चांगले असले पाहिजे. ते अजून मिळालेले नसले पाहिजे. ते मिळवणे कठीण असले पाहिजे. आणि तरीही ते शक्य असले पाहिजे. यापैकी 'शक्य' हे लक्षण विसरले की माणूस निराश होतो. 'कठीण' हे लक्षण विसरले की तो भाबडा होतो, आणि त्या भाबडेपणालाच आशा समजून बसतो.

नवा प्रशिक्षक आल्यावर चाहत्यांच्या मनात जे उसळते, ते बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचे असते. त्यात प्रेम असते, निष्ठा असते. फक्त 'कठीण' हा शब्द गाळलेला असतो. म्हणूनच पहिल्या पराभवानंतर ते एका उडीत दुसऱ्या टोकाला, निराशेकडे, जाते. खरी आशा पहिल्या पराभवाने मरत नाही, कारण वाट कठीण आहे हे तिने आधीच मान्य केलेले असते. हे ध्यानी घेऊन आता आपल्या जवळच्या इतिहासाकडे वळू.

फादर लायन्स यांनी आणलेला चेंडू

गोव्यात फुटबॉल आणण्याचे श्रेय परंपरेने एका धर्मगुरूला दिले जाते. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू प्रकृती सुधारण्यासाठी गोव्यात आले आणि १८८३ साली शिवोली येथे त्यांनी मुलांना हा खेळ शिकवला. पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेशी त्यांचे नाव जोडले गेले. शाळेत अभ्यासाबरोबर खेळ हवा, हा त्यांचा आग्रह होता. तेथून हा खेळ राशोलच्या सेमिनरीत गेला. सेमिनरीत खेळलेले तरुण धर्मगुरू होऊन खेडोपाडी गेले आणि त्यांच्याबरोबर चेंडूही गेला. चर्चसमोरचे मोकळे पटांगण, संध्याकाळची प्रार्थनेची घंटा होईपर्यंतचा खेळ, आणि कडेला उभे राहून ओरडणारे सारे गाव. गोव्याचा फुटबॉल असा पिढ्यान्‌पिढ्या धर्मग्रामांच्या कुशीत वाढला. त्या मुलांना शिकवायला कोणी पगारी प्रशिक्षक नव्हता, कोणाच्या नेमणुकीची बातमी वर्तमानपत्रात येत नव्हती. तरी जे पेरले जात होते ते खोल जात होते.

पुढे उद्योजकांनी संघ उभारले. १९५६ मध्ये साळगावकर, १९६० च्या दशकात धेंपो. या संघांत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे सर्व गोमंतकीय खेळाडू एकत्र आले. १९८३ साली गोव्याने बंगालसह संतोष चषक विभागून घेतला आणि १९८४ साली मद्रासला तो एकट्याने जिंकला. त्या स्पर्धेत गोव्याच्या जाळीत एकही गोल झाला नाही. गोलरक्षक होते ब्रह्मानंद शंखवाळकर, ज्यांना पुढे २०२२ मध्ये पद्मश्री किताब मिळाला. लोकसंख्येने एखाद्या जिल्ह्याएवढ्या असलेल्या प्रदेशाने बंगाल, पंजाब, केरळ यांच्या बरोबरीने उभे राहावे, याचे रहस्य एखाद्या प्रशिक्षकाच्या जादूत शोधून सापडणार नाही. ते शंभर वर्षांच्या पटांगणांत आहे.

या पटांगणांतूनच आर्मांदो कुलासो पुढे आले. धेंपो संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्यांपैकी पहिल्या विजेतेपदाचे वर्ष दुःखाचेही होते. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझीलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन गोल केले आणि दुसरा गोल करताना झालेल्या टकरीनंतर तो मैदानावरच कोसळला. त्याचे प्राण वाचले नाहीत. चषक हाती आला, पण तो आणणारा घरी परतला नाही. अशा धक्क्यातून एखादा संघ सावरतो तो डावपेचांनी सावरत नाही. एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारी माणसे एकत्र असली तरच सावरतो. धेंपो सावरला, आणि त्याच हंगामात राष्ट्रीय विजेता झाला. कुलासो यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे पहिल्या विजेतेपदानंतर सुमारे वीस वर्षांनी.

झिको आले, तेव्हा

२०१४ साली इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा सुरू झाली आणि एफ. सी. गोवा या नव्या संघाच्या प्रशिक्षकपदी साक्षात झिको आले. ब्राझीलकडून तीन विश्वचषक खेळलेला, ज्याची छायाचित्रे एका पिढीने घराच्या भिंतींवर लावली होती, तो झिको! गोव्यातल्या चाहत्यांच्या आनंदाची कल्पना वाचकांनीच करावी. पहिल्या वर्षी संघ उपान्त्य फेरीत पोहोचला आणि पेनल्टींवर हरला. दुसऱ्या वर्षी तो गुणतक्त्यात पहिला आला आणि २० डिसेंबर २०१५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर, आपल्याच माणसांसमोर, अंतिम सामन्यात उतरला. ८७ व्या मिनिटाला गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली. तीन मिनिटे काढली की चषक घरात! परंतु ९० व्या मिनिटाला चेंडू गोव्याच्याच गोलरक्षकाकडून जाळीत गेला आणि भरपाईच्या वेळेत चेन्नईने तिसरा गोल केला. तिसऱ्या वर्षी तोच संघ, तोच झिको, आणि क्रमांक आठांपैकी आठवा. झिको निघून गेले.

त्याच २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन जुन्या संघांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. नव्या रचनेत आपल्याला स्थान राहणार नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. चाहत्यांच्या डोळ्यांसमोर झिकोंचे येणे-जाणे होते; जुन्या विहिरी बुजत होत्या, तिकडे त्या मानाने थोड्यांचेच लक्ष होते.

२०१७ मध्ये स्पेनचे सर्जियो लोबेरा आले आणि आशेला पुन्हा पालवी फुटली. त्यांच्या संघाने सुंदर खेळ केला, २०१९ मध्ये लीगचा अंतिम सामना जादा वेळेत गमावला आणि महिन्याभरातच सुपर चषक जिंकला. ३१ जानेवारी २०२० रोजी संघ गुणतक्त्यात सर्वांत वर असताना लोबेरा यांना दूर करण्यात आले. हंगामाचे उरलेले थोडे सामने सांभाळण्याची वेळ आली तेव्हा जबाबदारी गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली. ते कोण? कुलासो यांच्या हाताखाली धेंपोमध्ये खेळून घडलेले मध्यरक्षक. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरला ५-० असे हरवून संघाने लीगमधील अव्वल स्थान निश्चित केले, आणि त्यायोगे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान गोव्याला मिळाला. हेच मिरांडा पुढे २०२३ मध्ये ओडिशाच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून सुपर चषक जिंकले. लोबेरांचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु परदेशी गुरू गेल्यावर दिवा विझला नाही, कारण घरात तेल होते; आणि ते तेल धेंपोच्या जुन्या समईतले होते.

अगदी अलीकडचे उदाहरण राष्ट्रीय संघाचे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत दीर्घकाळ काम केलेले खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. २०१७ साली मिझोरमच्या ऐझॉलसारख्या छोट्या संघाला त्यांनी राष्ट्रीय विजेता केले होते, आणि अनेक वर्षांनी भारतीय माणूस या पदावर आला होता. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातील स्पर्धेत भारताने तिसरा क्रमांक मिळवला आणि आशा उंचावली. १४ ऑक्टोबर रोजी त्याच फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि आशिया चषकाचे दार बंद झाले. दोन महिन्यांत जयजयकारही झाला आणि धिक्कारही. मुले आठव्या-दहाव्या वर्षी काय शिकली, कोणत्या मैदानावर शिकली, याचा जाब मात्र त्या दोन महिन्यांच्या प्रशिक्षकाला विचारण्यात अर्थ नव्हता.

नागपूरची फुटकी बादली

गोवा दूर आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून आता नागपूरला येऊ. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज तेथे १८८३ साली स्थापन झाले. म्हणजे शिवोलीला फादर लायन्स यांनी चेंडू आणला तेच वर्ष. या कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे यांना एका पावसाळी दिवशी झोपडपट्टीतील मुले फुटक्या बादलीला लाथा मारून फुटबॉल खेळताना दिसली. त्यांनी त्या मुलांना खरा चेंडू दिला आणि २००१ साली 'झोपडपट्टी फुटबॉल' या नावाने स्पर्धा सुरू केली. त्यातूनच 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. बेघरांच्या विश्वचषकात खेळणाऱ्या भारतीय संघांना तिने खेळाडू दिले, आणि २०२२ साली 'झुंड' या चित्रपटामुळे ही कथा देशभर पोहोचली.

बारसे सर त्या बादलीजवळ उभे राहिले तेव्हा कोणत्याही चाहत्याने घोषणा दिल्या नव्हत्या. त्यांच्या नेमणुकीची वाट कोणी पाहत नव्हते. त्यांच्याकडे चषक मागणाराही कोणी नव्हता. म्हणूनच कदाचित त्यांना वेळ मिळाला. ज्याला आपण प्रशिक्षक म्हणतो, त्याचे मूळ काम काय, हे त्या बादलीने जितके स्वच्छ सांगितले, तितके मोठमोठ्या करारांनी सांगितलेले नाही.

पाऊस आणि तलाव

आपला भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, तरी तलाव मोजता मोजता दमायला होईल एवढे ते अजून आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार ओळखून पाळी घातल्या, पाणी अडवले आणि त्या पाण्यावर धानाच्या बांध्या भिजल्या. ज्याने पाळ घातली त्याने आपल्या नातवाच्या रोवणीचा विचार केला होता. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि पुष्कळ ठिकाणी गाळ काढण्याचे काम कोणाचेच राहिले नाही. तेव्हापासून पाऊस पूर्वीइतका पडला तरी गाळाने भरलेल्या तलावात पाणी पूर्वीइतके राहत नाही, हे आपल्याकडील शेतकऱ्याला पुस्तकात वाचावे लागत नाही.

नवा प्रशिक्षक हा पावसासारखा आहे. त्याची वाट पाहणे स्वाभाविक आहे. ढग दिसताच आनंद होणे स्वाभाविक आहे. पण पाऊस कितीही मोठा आला तरी साठतो तो तलावाच्या मापाने. पार्सेघियन आले तेव्हा तलाव होता. रॉकनींनी तो खोदला होता आणि नंतरच्यांनी राखला होता. लोबेरा आले तेव्हा गोव्याचा जुना तलाव अजून पूर्ण आटला नव्हता. फाउस्ट सज्जन होते, झिको महान होते, जमील मेहनती आहेत. परंतु एकट्या पावसावर धान पिकत नाही.

हेच आपल्या धर्मग्रामांनाही लागू पडते, असे मी नम्रपणे सुचवू इच्छितो. नवे फादर येणार म्हटल्यावर गावात जी चर्चा सुरू होते ती बहुतेक धर्मगुरूंच्या कानांवर कधी ना कधी आलेली असते. 'आता तरुण मंडळ उभे राहील, गायकवृंद सुधारेल, शाळेचा निकाल वर जाईल.' वर्षभरात यातले काही झाले नाही की तीच तोंडे म्हणतात, 'आधीचे फादर बरे होते.' नव्या मुख्याध्यापकांच्या वाट्याला हेच येते, नव्या सिस्टरच्या वाट्यालाही हेच. करिंथच्या मंडळीत एके काळी असेच झाले होते. कोणी म्हणे आम्ही पौलाचे, कोणी म्हणे आम्ही अपुल्लोसचे. संत पौलाने त्यांना शेतीचाच दाखला देऊन समजावले की, रोप लावणारा एक आणि पाणी घालणारा दुसरा असला तरी दोघेही सेवकच आहेत. वाढवणारा देव आहे. त्या मंडळीचा दोष आशा धरण्यात नव्हता. एका माणसात सारी आशा कोंबून आपले हात मोकळे करून घेण्यात होता.

म्हणून नव्या माणसाचे स्वागत जरूर उत्साहाने करावे. हार घालावेत, ताशा वाजवावा. मात्र त्याच दिवशी आपण स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पहिला: या माणसाला आपण किती वेळ द्यायला तयार आहोत? नोत्र दामने फाउस्ट यांना दिलेली पाच वर्षे वाया गेली असे आकडे सांगतात. पण शब्द पाळणारी संस्था म्हणून तिची जी प्रतिष्ठा राहिली, तिच्यावर विसंबूनच पुढचा माणूस निर्भयपणे आला. दुसरा: तो येण्यापूर्वी आणि तो गेल्यानंतर आपण काय राखणार आहोत? शाळेमागचे मैदान गवताने व बांधकामाच्या सामानाने भरून गेले असेल, संध्याकाळी मुलांबरोबर तासभर उभा राहणारा एकही मोठा माणूस गावात नसेल, तर कोणत्याही गुरूकडून चषकाची अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

फादर लायन्स यांनी शिवोलीच्या मुलांपुढे चेंडू टाकला, त्यानंतर शंभर वर्षांनी गोव्याने संतोष चषकावर नाव कोरले. ते पाहायला फादर नव्हते. ज्यांनी मधली शंभर वर्षे चर्चसमोरची पटांगणे मोकळी ठेवली, त्या वाडेकरांची, वेस्त्यांची आणि शाळामास्तरांची नावे कोणत्याही तक्त्यात नाहीत. आशेची नोंद कोणी ठेवत नाही, असे आरंभी म्हटले ते एवढ्याचसाठी. मोकळे राखलेले पटांगण हीच तिची नोंद होय. ती आपल्या गावात आहे की नाही, हे प्रत्येकाने रविवारच्या मिस्सानंतर बाहेर पडताना पाहून घ्यावे.